नवशिक्यांसाठी भरतकामाची सोपी नक्षी

भरतकाम ही आपल्याकडील घरोघरची कला आहे. सुई, दोरा व कापडाचा तुकडा एवढ्या अल्प साहित्यावर ती शिकता येते. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही, वेगळी जागाही लागत नाही. असे असूनही शाळेत किंवा महिला मंडळाच्या वर्गात भरतकाम शिकावयास आलेल्यांपैकी अनेकजणी पहिलाच रुमाल अर्धवट टाकून देतात. तो रुमाल पेटीच्या तळाशी जातो आणि त्याबरोबर शिकण्याची इच्छाही जाते. शिकणारीला आपला हात बसत नाही असे वाटते. शिकविणारीला तिच्यात चिकाटी नाही असे वाटते. वास्तविक दोष बहुधा दोघींचाही नसतो. तो नक्षीचा असतो.

नवशिक्या हाताला झेपेल अशी नक्षी कशी योजावी, तिचे नमुने कोठे शोधावेत आणि ती वर्गात क्रमाने कशी शिकवावी, याचा विचार या पाठात केला आहे. उदाहरणासाठी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील पाटणकर बाजाराचा परिसर घेतला आहे. परंतु येथे सांगितलेली रीत कोणत्याही गावी उपयोगी पडणारी आहे.

पाटणकर बाजाराचा परिसर

दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याजवळ आपल्या फौजेचा तळ दिला. त्या तळाचेच पुढे शहर झाले व त्याला ‘लष्कर’ हेच नाव राहिले. पाटणकर बाजार, फालका बाजार, चिटणीस की गोठ, महाडिक की गोठ ही तेथील वस्त्यांची नावे महाराष्ट्रातून तेथे गेलेल्या घराण्यांची आठवण देतात. शहर आज मध्य प्रदेशात आहे व रस्त्यावरची भाषा हिंदी आहे. तरी तेथील मराठी घरांत चैत्रगौर, हळदीकुंकू, उंबरठ्यावरील रांगोळी या रीती चालत आल्या आहेत.

अशा वस्तीतील शिक्षिकेने पहिल्या पाठासाठी नक्षी शोधावयाची ठरवली, तर तिला छापील नमुन्यांचे पुस्तक विकत घेण्याची गरज नाही. तिच्या हाताशी तीन ठिकाणे आहेत. पहिले उंबरठा, दुसरे कपड्यांची पेटी व तिसरे शहराच्या माथ्यावरचा किल्ला.

उंबरठ्यावर ठिपक्यांची रांगोळी असते. ठिपक्यांच्या रांगोळीत मुलगी आधी चित्र काढीत नाही, ती आधी मोजते. इतके ठिपके, इतक्या ओळी, दर ओळीस इतके कमी, हा हिशेब जुळला की रेषा आपोआप जागेवर पडतात. चित्रकलेत कच्ची असलेली मुलगीही ही रांगोळी नेटकी काढते, कारण येथे हाताला मोजणीचा आधार असतो.

पेटीत चंदेरीचे एखादे जुने लुगडे असण्याचा संभव बराच आहे. चंदेरी हे विणकरांचे गाव पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात होते. आज ते मध्य प्रदेशाच्या अशोकनगर जिल्ह्यात आहे. चंदेरीच्या कापडाला २००५ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. या कापडावरील बुट्ट्यांना विणकरांनी रोजच्या वस्तूंची नावे दिली आहेत. नाण्यासारखी गोल ती अशर्फी, विटेसारखी चौकोनी ती ईंट; त्याशिवाय कैरी, पान, अक्रोड व सूरज. या बुट्ट्या कापडावर मागाहून काढलेल्या नसून उभ्या-आडव्या धाग्यांत मोजून विणलेल्या असतात. बुट्टी दुरून गोल दिसली तरी जवळून पाहिल्यास तिची कड पायऱ्यापायऱ्यांची आढळते. मागावर धागा आडवा किंवा उभाच जाऊ शकतो, त्यामुळे विणकराला वर्तुळदेखील पायऱ्यांनीच साधावे लागते.

किल्ल्यावर राजा मानसिंह तोमर याचा महाल आहे. मानसिंहाची कारकीर्द इ. स. १४८६ ते १५१६ अशी होती. महालाच्या बाहेरील भिंतींवर निळ्या, पिवळ्या, हिरव्या रंगांच्या चकचकीत फरशांचे पट्टे बसविलेले असून त्यांत बदके, हत्ती व केळीची झाडे दिसतात. एकच आकृती सारख्या अंतराने पुनःपुन्हा योजून कारागिरांनी अवाढव्य भिंत सजविली. ही पुनरावृत्तीही नवशिक्याच्या फार उपयोगाची आहे.

मोजणी, पायऱ्या व पुनरावृत्ती हे तीन धडे या तीन ठिकाणी मिळतात. सोप्या भरतकामाची नक्षी या तिन्हींवर उभी राहते.

पहिला रुमाल का सुटतो?

पहिल्या पाठाला पुष्कळदा मोर, गुलाबाची फांदी किंवा फळांची परडी दिली जाते. नक्षी कार्बन कागदाने कापडावर उतरविली जाते आणि देठ टाका, साखळी टाका, लांब-आखूड टाका असे तीन-चार टाके एकाच वेळी वापरावयास सांगितले जाते. यात नवशिक्यापुढे अनेक अडचणी एकदम उभ्या राहतात.

पहिली अडचण वक्र रेषेची. वळणावर टाका किती आखूड घ्यावयाचा हे सरावलेल्या हातालाच कळते. नवशिक्याचा टाका रेषेबाहेर जातो आणि खालची कार्बनची रेघ उघडी पडून काम मळकट दिसते. दुसरी अडचण छटांची. लांब-आखूड टाक्याने एका रंगातून दुसऱ्या रंगात जाणे हे या कलेतील वरच्या पायरीचे काम आहे. तिसरी अडचण वेळेची. मोराचा पिसारा आठवडेच्या आठवडे चालतो. तो पुरा होईपर्यंत हाती घेतलेली वस्तू कशाच्याच उपयोगाची नसते.

यातून आणखी एक अनिष्ट प्रथा निर्माण होते. प्रदर्शनाचा दिवस जवळ आला की अपुरे काम शिक्षिकेच्या किंवा घरातील वडीलधाऱ्या बाईच्या हातून पुरे करून घेतले जाते. प्रदर्शनात वस्तू सुंदर दिसते, पण ती जिच्या नावाने मांडली जाते तिला ती आपली वाटत नाही. शिवाय पुढच्या वर्षी नव्या मुलींसमोर नमुना म्हणून तीच वस्तू ठेवली जाते आणि पुन्हा तेच घडते.

सोपे म्हणजे काय?

अवघड नक्षी लहान केली म्हणजे ती सोपी होत नाही. मोर तळहाताएवढा केला तरी त्याची वळणे व छटा तशाच राहतात. उलट आकार आकसल्याने त्या अधिक अवघड होतात. सोपी नक्षी मुळापासूनच वेगळी योजावी लागते. ती योजताना पुढील कसोट्या लावाव्यात.

एक : नक्षी मोजून काढता यावी, रेखाटून नव्हे. म्हणजे कार्बन कागद व चित्रकला या दोन्हींची गरज राहत नाही.

दोन : एका वेळी एकच नवा टाका असावा.

तीन : लहानशी आकृती एका बैठकीत पुरी व्हावी व तीच पुढे पुनःपुन्हा यावी. पहिल्या आकृतीत झालेली चूक दुसरीत सुधारता येते आणि पाचवीपर्यंत हात बसतो.

चार : काम कोणत्याही टप्प्यावर थांबले तरी वस्तू पुरी दिसावी. ही कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे. शेतीच्या हंगामात, घरातील आजारपणात किंवा परीक्षेच्या दिवसांत शिकणाऱ्यांचे काम खंडित होते, हे गृहीत धरूनच नक्षी आखली पाहिजे. मधेच थांबल्यावर जी केविलवाणी दिसते ती नक्षी नवशिक्यासाठी अयोग्य समजावी.

मोजून भरण्याची रीत आपल्याला नवी नाही. महाराष्ट्राच्या सीमेलगत धारवाड भागात ‘कसुती’ नावाचे भरतकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्यातील तुळशीवृंदावन, गोपुर, रथ, हत्ती या आकृती कापडावर न आखता केवळ धागे मोजून भरल्या जातात. युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बर्लिन शहरात चौकटींच्या कागदावर रंगविलेले नमुने छापून विकले जाऊ लागले. एक चौकट म्हणजे एक टाका, एवढे समजले की कोणालाही तो नमुना भरता येई. त्यामुळे ज्यांना रेखाटन येत नव्हते अशा असंख्य स्त्रियांच्या हाती ही कला गेली. आपल्या शाळांत गणितासाठी जी चौकटींची वही असते, ती या कामी पुरेशी आहे.

साहित्य व त्याची निवड

कापड : दुसुती हे मोजून भरण्यास उत्तम कापड होय. त्याचे दुहेरी धागे एकमेकांत गुंफलेले असल्याने घरे स्पष्ट दिसतात. प्रथम पट्टी ठेवून एका इंचात किती घरे आहेत ते मोजावे. येथील माप इंचाला १० घरे असलेल्या दुसुतीचे आहे. नवी दुसुती धुतल्यावर आटते, म्हणून ती आधी पाण्यातून काढून, वाळवून, इस्त्री करूनच कापावी. अगदी लहान मुलांना आरंभी गोणपाटाचा तुकडा व लोकर द्यावी. छिद्रे मोठी असल्याने त्यांच्या डोळ्यांवर ताण पडत नाही.

सुई : टोक बोथट व नेढे मोठे असावे. टोकदार सुई धाग्याच्या मधोमध घुसते व मोजणी चुकते. बोथट सुई दोन धाग्यांमधील छिद्र आपणहून शोधते. लहान मुलांच्या वर्गात ती सुरक्षितही असते.

दोरा : भरतकामाच्या दोऱ्याची लडी सामान्यतः ८ मीटरची व सहा पदरी असते. तिचे तीन-तीन पदर वेगळे केले असता कामाचा दोरा १६ मीटर होतो. एका वेळी सुमारे ४५ सेंटिमीटर, म्हणजे बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत दोरा घ्यावा. लांब दोरा घेतल्यास वारंवार ओवण्याचे श्रम वाचतात असे वाटते, पण तो पिळतो, गुंततो व कापडातून सारखा ओढला जाऊन विसविशीत होतो. लाल व गडद रंगांचे दोरे वापरण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासून रंग जातो की काय ते पाहावे.

रिंग : दुसुती मुळातच घट्ट असल्याने लाकडी रिंग नसली तरी चालते. तिच्यासाठी काम अडवून ठेवू नये.

पहिली वस्तू : ताटावरचा रुमाल

पहिल्या कामासाठी ताटावर झाकण्याचा रुमाल निवडावा. तो लहान असतो, घरात रोज उपयोगी पडतो आणि हळदीकुंकवाला वाण म्हणूनही देता येतो. ३४ सेंटिमीटरचा चौरस तुकडा कापून चारही बाजूंना २ सेंटिमीटर दुमड घातली म्हणजे ३० सेंटिमीटरचा रुमाल होतो. वर्गासाठी कापड घेताना पन्ह्याचा हिशेब करूनच चौकोनाचे माप ठरवावे, म्हणजे चिंधी वाया जात नाही.

पहिला टप्पा : किनार

दुमड कच्च्या टाक्याने बसवून घ्यावी. नंतर रंगीत दोऱ्याने चारही बाजूंना धावदोरा घालावा. सुई दोन घरांवरून न्यावी, दोन घरांखालून काढावी. दोन वर, दोन खाली, एवढेच सूत्र. या एका टाक्याने दुमड पक्की होते व शोभाही येते. सवड असल्यास त्याच वाटेने परत फिरून मोकळी राहिलेली घरे भरावीत. कसुतीत याच दुहेरी धावदोऱ्याला ‘गवंती’ म्हणतात. तो दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो.

काम येथे थांबले तरी रंगीत किनारीचा रुमाल पुरा झालेला असतो.

दुसरा टप्पा : ईंट

रुमालाची उभी घडी घालून मध्य काढावा व तेथे कच्च्या टाक्याने रेषा दाखवावी. ही रेषा दोन घरांच्या मधून जावी. आता फुलीचा टाका शिकवावा. एक फुली दोन घरे रुंद व दोन घरे उंच असते, म्हणजे सुमारे अर्धा सेंटिमीटर. सुई डावीकडील खालच्या कोपऱ्यातून वर काढून उजवीकडील वरच्या कोपऱ्यात घालावी. अशा पाच तिरक्या रेघा ओळीने घालाव्यात. मग परत फिरून उजवीकडील खालच्या कोपऱ्यातून डावीकडील वरच्या कोपऱ्यात दुसरी तिरकी रेघ घालीत यावे. पाच फुल्या तयार होतात.

आरंभाचे ठिकाण असे ठरवावे. रुमालाच्या खालच्या कडेपासून सुमारे ४ सेंटिमीटर वर यावे व मध्यरेषेपासून डावीकडे ५ घरे मोजून सुई वर काढावी. मधल्या फुलीचे एक घर रेषेच्या डावीकडे येते व त्यापलीकडील दोन फुल्यांची ४ घरे, असा हा ५ घरांचा हिशेब आहे. तो मुलींकडूनच काढून घ्यावा.

पाच फुल्यांच्या तीन ओळी एकीवर एक घातल्या की १५ फुल्यांची वीट होते. चंदेरीची ईंट बुट्टी ती हीच. काम येथे थांबले तरी रुमालाच्या मध्यावर एक नेटकी आकृती असते.

तिसरा टप्पा : अशर्फी

विटेच्या वर मधोमध तीन फुल्या व खाली मधोमध तीन फुल्या घालाव्यात. वीट जाऊन तिच्या जागी गोल अशर्फी दिसू लागते. पंधरा, तीन व तीन मिळून २१ फुल्या झाल्या. हाच हिशेब उलट्या वाटेनेही सांगता येतो : पाच-पाच फुल्यांच्या चौरसात २५ फुल्या, त्यांतून चार कोपरे वजा केले की २१. कोपरा गाळला म्हणजे चौकोन गोल दिसतो, हे विणकराचे गुपित मुलीला अशा रीतीने स्वतःच्या हाताने उलगडते. या अशर्फीची रुंदी व उंची सुमारे एक इंच भरते.

चौथा टप्पा : ओळ

मधल्या अशर्फीच्या दोन्ही बाजूंना पाच फुल्यांइतकी, म्हणजे १० घरे जागा सोडून एकेक अशर्फी भरावी. आता तीन झाल्या. पुन्हा तसेच केले की पाच होतात. एक, तीन, पाच या प्रत्येक संख्येला नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी असते, म्हणून यांपैकी कोठेही थांबता येते.

पाच अशर्फींच्या २५ व मधल्या चार जागांच्या २० मिळून ओळीची लांबी ४५ फुल्या, म्हणजे ९० घरे होते. इंचाला १० घरे असल्यास ती सुमारे २३ सेंटिमीटर भरते व दोन्ही कडांना सुमारे साडेतीन सेंटिमीटर जागा मोकळी राहते. तेवढीच जागा खालीही राहत असल्याने नक्षी बांधीव दिसते. दुसुती अधिक बारीक असेल तर अशर्फीची संख्या सातपर्यंत वाढवावी. संख्या विषम ठेवावी, म्हणजे मधली अशर्फी मध्यरेषेवर येते.

दोऱ्याचा हिशेब

एका फुलीस पुढून व मागून मिळून सुमारे २४ मिलिमीटर दोरा लागतो. पाच अशर्फींच्या १०५ फुल्यांना अडीच मीटरच्या वर दोरा जातो. दर वेळी दोऱ्याचा आरंभ व शेवट यात सुमारे १० सेंटिमीटर खर्ची पडतात हे धरले, तर ४५ सेंटिमीटरचे ८ दोरे, म्हणजे सुमारे ४ मीटर दोरा हाताशी असावा. अर्थात एका लडीत चौघींचे काम भागते. १२० सेंटिमीटरच्या एकेरी किनारीस असे ४ दोरे पुरतात. म्हणजे किनारीच्या रंगाची एक लडी आठजणींना होते. २४ जणींच्या वर्गास अशर्फीच्या रंगाच्या ६ व किनारीच्या रंगाच्या ३ लड्या लागतील. उसवाउसवीत दोरा वाया जातोच, तेव्हा प्रत्येक रंगाची एकेक लडी जादा घ्यावी.

हे गणित शिक्षिकेने फळ्यावर मुलींकडून करवून घ्यावे. अंदाजपत्रक कसे तयार होते हे त्यांना यातून कळते. पुढे बचत गटामार्फत वस्तू विकावयाची झाल्यास दोरा, कापड व श्रम यांची किंमत धरण्याची सवय येथूनच लागते.

नेहमी होणाऱ्या चुका

फुलीची वरची तिरकी रेघ सर्व फुल्यांत एकाच दिशेची असावी. ती उलटसुलट झाली तर मोजणी बरोबर असूनही काम खडबडीत दिसते. प्रत्येक ओळ पूर्ण करून मगच वर जाण्याची सवय लावल्यास ही चूक टळते. डावखुऱ्या मुलींना उजव्या हाताची सक्ती करू नये. त्यांनी उजवीकडून आरंभ करावा, म्हणजे झाले.

दोऱ्याला गाठ मारू नये. गाठ धुण्यात सुटते किंवा इस्त्रीखाली उठून दिसते. आरंभी दोऱ्याचे टोक मागे धरून पहिल्या चार-पाच टाक्यांखाली दाबावे. शेवटी सुई मागील टाक्यांखालून नेऊन दोरा कापावा. एका अशर्फीपासून दुसरीपर्यंत दोरा मागून ओढून नेऊ नये; तो कशात तरी अडकतो आणि कापड चुणते.

टाका फार आवळू नये. कापडाची छिद्रे मोठी दिसू लागली की दोरा जास्त ओढला जात आहे असे समजावे.

मोजणी चुकल्यास सबंध काम उसवावयास लावू नये. चूक जेथे झाली त्या ओळीपर्यंतच मागे यावे. दर ओळीनंतर मोजून पाहण्याची सवय असली की एका ओळीपेक्षा अधिक उसवण्याची पाळी येत नाही.

पुढची पायरी : बदकांची रांग

अशर्फीवर हात बसल्यानंतर मानसिंहाच्या महालावरील बदकांच्या रांगेवरून सुचणारी एक आकृती द्यावी. सात फुल्या रुंद व पाच फुल्या उंच अशा चौकटीत डावीकडे तोंड केलेले बदक पुढीलप्रमाणे भरावे. चौकटींचे क्रमांक डावीकडून मोजावेत व ओळी वरून खाली घ्याव्यात.

पहिली ओळ : २, ३
दुसरी ओळ : १, २, ३
तिसरी ओळ : ३ व ७
चौथी ओळ : ३, ४, ५, ६, ७
पाचवी ओळ : ४, ५, ६

दुसऱ्या ओळीतील पहिली फुली ही चोच व तिसऱ्या ओळीतील सातवी ही शेपटी होय. एकूण १५ फुल्या होतात. दोन बदकांत तीन फुल्यांइतकी जागा सोडावी. एक बदक एका बैठकीत होते आणि रांग हवी तेवढी वाढविता येते.

यानंतर मुलींनी स्वतःची आकृती योजावी. चौकटींच्या वहीत प्रथम ती मांडून पाहावी. घरातील लुगड्याचा काठ, दारातील रांगोळी, देवळातील जाळीची खिडकी, जे दिसेल त्यातून आकृती घ्यावी. मात्र ती सात चौकटींच्या आत बसवावी. मर्यादा घातली म्हणजे अनावश्यक भाग आपोआप गळतो आणि आकृतीचे मुख्य रूप उरते. नक्षी योजण्याचे खरे शिक्षण येथे सुरू होते. वक्र रेषा, छटा व मोर यांची पाळी त्यानंतर येते. मोर वर्ज्य नाही. तो केवळ पहिल्या दिवसाचा नाही.

शिक्षक व अधिकारी यांच्यासाठी

हस्तव्यवसायाला शिक्षणात स्थान असावे हा विचार आपल्याकडे जुना आहे. १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगकेंद्री शिक्षणाची कल्पना मांडली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली आणि १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याचा पुरस्कार केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांच्या सहवासात काम शिकण्याची तरतूद आहे. वर दिलेला रुमाल अशा दिवसांत सहज बसतो. कापड धुऊन कापण्यास व दुमडण्यास एक तासिका, किनारीस एक, ईंट व अशर्फीस दोन, उरलेल्या चार अशर्फींस चार आणि धुलाई-इस्त्री व पाहणीस एक, अशा नऊ तासिका धराव्यात.

हे काम केवळ मुलींचे समजू नये. चंदेरीच्या मागांवर पुरुष विणकर आहेत आणि जरदोजीच्या चौकटीवर भरणारे कारागीरही परंपरेने बहुतांशी पुरुषच होते. मोजणी, चिकाटी व नेटकेपणा यांची गरज मुलग्यांनाही तेवढीच आहे.

मूल्यमापन करताना वस्तू उलटी करून पाहावी. समोरून सर्वच कामे बरी दिसतात. मागील बाजू मात्र खरे सांगते. फुल्या ओळीने घातल्या असतील तर मागे लहान उभ्या रेघांची ओळ दिसते. गाठी, ओढलेले दोरे व गुंता दिसला तर शिकविण्यात कोठे कमी पडले ते शिक्षकालाही समजते. पाच अशर्फी भरणाऱ्या मुलीला व एकच भरणाऱ्या मुलीला केवळ संख्येवरून गुण देऊ नयेत. पहिल्या व शेवटच्या अशर्फीत किती सुधारणा झाली हे पाहावे.

प्रदर्शनात दुसऱ्याच्या हाताने पुऱ्या केलेल्या वस्तू मांडू नयेत. एका फळीवर केवळ किनारीचा रुमाल, ईंट असलेला रुमाल, एक अशर्फीचा, तीनचा व पाचचा असे पाच रुमाल क्रमाने लावावेत. पाहणाऱ्या पालकांना काम कसे वाढत गेले ते कळते आणि पुढच्या वर्षी वर्गात येणाऱ्या मुलीला आपण कोठून आरंभ करावयाचा तेही दिसते. जिचा रुमाल किनारीपाशीच थांबला तिची वस्तूही या फळीवर अपुरी म्हणून नव्हे, पहिली म्हणून लागते. तो रुमाल घरी नेऊन ती ताटावर झाकू शकते आणि सवड होईल तेव्हा, मध्यरेषेपासून पाच घरे मोजून, पुढचे काम सुरू करू शकते.